बंदवारचा खटका

नाक मुरडू नका, मित्रांनो. भिंतीवरचा गंजका डबा म्हणून ज्याच्याकडे तुम्ही ढुंकूनही पाहत नाही, तो मी एक जुना मेन स्विच आहे. घरात येणारी सगळी वीज आधी माझ्या पोटातून जायची आणि मगच दिव्यांना, पंख्यांना, फ्रिजला मिळायची. एवढ्या मानाच्या जागेवर बसलेल्याची निदान कोणी विचारपूस तरी करतं. माझी कोणी केली नाही. म्हणून आज मीच माझी हकिकत सांगतो. मला पाल्हाळ लावायची सवय आहे, पण ऐकून घ्या. वेळ पडली तर उपयोगी पडेल.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. जाड पत्रा कापला, वाकवला, कडा ठोकल्या आणि माझी पेटी तयार झाली. पोटात तांब्याच्या पट्ट्या बसवल्या, चिनी मातीचे पांढरे फ्यूज बसवले, बाहेरून करडा रंग फासला आणि उजव्या कुशीला एक लोखंडी दांडा लावला. तोच माझा खटका. वर ढकलला की वीज चालू, खाली ओढला की बंद. कारखान्याच्या शेवटच्या टेबलावर एक जाडजूड बाई बसायच्या. प्रत्येक स्विचचा दांडा खालीवर करून त्या आवाज ऐकायच्या. माझा दांडा ओढल्यावर असा खणखणीत ‘खटाक्’ आवाज झाला की त्या शेजारणीला म्हणाल्या, “हा बघ, हा नाव काढणार!” तेव्हापासून माझ्या डोक्यात जरा हवा गेली ती गेलीच.

मी ज्या घरात आलो ते तळमजल्यावरचं घर होतं. दारातून आत शिरलं की आधी एक बोळकांडी लागायची. तिथूनच वरच्या मजल्यावर जाणारा जिना निघायचा. बोळकांडीतून एक पायरी उतरली की बैठकीची खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. मला बोळकांडीत, टेलिफोनच्या वर बसवलं. तिथून मला बैठकीची खोली सगळी दिसायची. घराचे मालक तेव्हा तरुण होते. ते सिनेमाच्या थेटरात मशीन चालवायचे. वायरमनने काम संपवल्यावर त्यांनीच स्वतःच्या हाताने माझा दांडा वर ढकलला. सगळे दिवे एकदम लागले आणि ते लहान मुलासारखे हसले. त्या दिवशी माझ्यावर दोन फुलंही ठेवली होती. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं होतं.

मग कौतुक संपलं. तसं ते संपतंच. मालकांचा मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, मालकांना सगळे ‘नाना’ म्हणू लागले. थेटरातल्या मशीनच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे नानांचे कान गेले. घरात फ्रिज आला, मिक्सर आला, टीव्ही आला, कपडे धुण्याचं यंत्र आलं. प्रत्येकाच्या येण्याला पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. हे सगळे कोणाच्या जिवावर उड्या मारत होते? माझ्या! पण माझ्यासमोर आधी एक कॅलेंडर आलं, मग कोणीतरी माझ्या दांड्याला छत्री अडकवली. छत्रीवर रेनकोट आला, रेनकोटवर बाजाराची पिशवी. माझी मेन स्विचची खुंटी झाली. बाहेर जाताना सगळे माझ्या अंगावरून हात फिरवायचे, पण तो हात छत्रीसाठी असायचा.

आता घरातली माणसं सांगतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. नाना तर झालेच. त्यांचा मुलगा, म्हणजे आपल्या गोष्टीतले बाबा, विजेच्या वस्तूंच्या दुकानात विक्रेते होते. इस्त्रीपासून गीझरपर्यंत काहीही विकून दाखवतील असा गडी. बोलायला लागले की समोरच्याला वाटायचं, आपण आजवर मिक्सरवाचून जगलो तरी कसे! आई अग्निशमन केंद्रात टेलिफोनवर बसायच्या. कुठे आग लागली, कुठे कोणी अडकलं, की पहिला फोन त्यांच्याकडे यायचा. आणि त्यांची मुलगी भिंगरी. खरं नाव वेगळं होतं, पण ती जागेवर बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी.

एके संध्याकाळी आई कामावरून आल्या त्या चपलाही न काढता बोळकांडीतच उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला होता. त्यांनी सगळ्यांना हाक मारली आणि विचारलं, “आपला मेन स्विच कुठे आहे?”

“आता हे काय मध्येच?” बाबा म्हणाले.

“कुठे आहे ते सांगा.”

बाबांनी बाहेरच्या मीटरकडे बोट दाखवलं. भिंगरीने फ्रिजच्या मागे दाखवलं. नानांना प्रश्न ऐकूच गेला नाही. तो ओरडून सांगितल्यावर ते म्हणाले, “मीच बसवला की! इथेच कुठेतरी होता.” आणि ते छत्री अडकवलेल्या ठिकाणी टेकूनच विचार करू लागले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आईंनी मग सांगितलं. दुपारी एका बाईंचा फोन आला होता. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या बोर्डमधून ठिणग्या उडत होत्या. आई सांगत होत्या की आधी मेन बंद करा, आणि त्या बाई रडत विचारत होत्या की मेन म्हणजे काय, तो कसा असतो, कुठे असतो. गाडी पोचली, बाई वाचल्या, पण हात चांगलेच भाजले. “सगळं घर विजेवर चालवतो आपण,” आई म्हणाल्या, “आणि ती बंद कशी करायची ते एकालाही माहीत नाही. उद्या माझ्याच घरातून फोन आला तर मी काय करू?”

बोलता बोलता त्यांनी पिशवी काढली, रेनकोट काढला, छत्री काढली, कॅलेंडर उचललं. आणि मी दिसलो. कित्येक वर्षांनी कोणीतरी माझ्या तोंडाकडे पाहिलं. आईंनी दांडा ओढून पाहिला तर तो हलेना, इतका मी गंजलो होतो. कारखान्यातल्या त्या बाईंनी पाहिलं असतं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावलं. त्याने बाहेरून वीज तोडून मला उघडलं, घासलं, पट्ट्या साफ केल्या, सांध्यात तेल सोडलं. जाताना बजावून गेला, “डब्याचं झाकण तुम्ही कोणी उघडायचं नाही. ते माझं काम. दांडा मात्र सगळ्यांना ओढता आला पाहिजे.” त्यानंतर आईंनी फर्मान काढलं. महिन्यातला एक रविवार सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मेन बंद राहील. नळाला पाणी चढवणारा पंप बंद, फ्रिज बंद, टीव्ही बंद. त्या दिवसाचं नाव भिंगरीने ठेवलं, बंदवार.

“अगं, तू माझ्या पोटावरच उठलीस!” बाबा म्हणाले. “विजेच्या वस्तू विकणाऱ्याच्या घरात मेन बंद! गिऱ्हाइकांना कळलं तर माझी अब्रू जाईल.”

“तुमची अब्रू कोरड्या जागी ठेवा, काडेपेटीशेजारी,” आई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मलाही ते पसंत नव्हतं. चालू राहणं हाच माझा धर्म. खाली ओढलेला दांडा म्हणजे मान खाली घातल्यासारखं वाटायचं. पहिल्या बंदवारी मी मुद्दाम जड झालो. पण भिंगरी स्टुलावर चढली, हात फ्रॉकला पुसून कोरडे केले आणि दोन्ही हातांनी लोंबकळली. खटाक्! पंखे हळूहळू थांबले. फ्रिजची गुणगुण थांबली. घर इतकं शांत झालं की शेजारचं बाळ हसलेलं ऐकू आलं.

त्या पहिल्या दिवशी नुसता सावळागोंधळ झाला. बाबांनी अंगाला साबण लावला आणि नळाचं पाणी गेलं. पिंपात कोणी पाणी भरून ठेवलंच नव्हतं. ते न्हाणीतून ओरडत होते आणि आई बाहेरून शांतपणे सांगत होत्या, “ओरडून पंप चालू होत नाही.” टॉर्च सापडला तर सेल फुगलेले. काडेपेटी सापडली तर सादळलेली. चटणी वाटायला मिक्सर नाही, तर खलबत्ता माळ्यावर, आणि माळ्याची शिडी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशींकडे. दुपारी सगळे उकडलेले बटाटे आणि मीठ खाऊन एकमेकांची तोंडं बघत बसले. संध्याकाळी दांडा वर गेला तेव्हा बाबांनी मला चक्क नमस्कार केला.

पण हळूहळू घर सुधारलं. आदल्या दिवशी पिंप भरून झाकून ठेवायची सवय लागली. टॉर्चला माझ्या खाली एक खिळा मिळाला आणि तो तिथेच राहील असा दंडक झाला. वापरून झाल्यावर दुसरीकडे ठेवणाऱ्याची धडगत नसे. भिंगरी आईंच्या नजरेखाली स्टोव्ह पेटवायला शिकली, पाणी उकळून गाळायला शिकली, गॅसची टाकी बंद करायला शिकली, कापलं तर पट्टी बांधायला शिकली. फोनवर पत्ता कसा सांगायचा तेही आईंनी घोटून घेतलं. रडायचं नाही, भरभर बोलायचं नाही, आधी कुठे, मग काय झालं, मग माणसं किती. बाबा आधी कुरकुरत आणि मग रंगात येत. कपडे हाताने पिळताना त्यांनी इतकी गाणी म्हटली की वरच्या मावशी खिडकीतून म्हणाल्या, “यंत्रापेक्षा तुमचाच आवाज मोठा!”

नानांची अडचण वेगळी होती. उजेड असला की ते ओठांवरून बोलणं ओळखायचे. अंधारल्यावर बिचारे एकटे पडायचे. त्यावर तोड नानांनीच काढली. थेटरात असताना खालचा डोअरकीपर त्यांना बॅटरीने खुणा करायचा. तशाच खुणा त्यांनी नातीला शिकवल्या. उजेड समोरच्या भिंतीवर दोनदा लुकलुकला तर ‘या’. गोल फिरला तर ‘जेवायला चला’. आणि उजेड भिंतीवर एका जागी रोखून धरला, तर ‘जागचं हलू नका’. आजोबा-नात तासन्‌तास ते खेळत. भिंगरी उगाचच उजेड रोखून धरायची आणि नाना घास तोंडाशी नेता नेता पुतळ्यासारखे बसून राहायचे. आई ओरडायच्या, “अगं, जेवू दे त्यांना!”

मित्रांनो, माझंही मन बदललं. मला वाटायचं, चालू असणं म्हणजेच कामाचं असणं. पण वेळेवर बंद होता येणं हेही माझंच काम होतं, आणि ते मला कोणी करूच दिलं नव्हतं. आता महिन्यातून एकदा ते इवले हात माझा दांडा ओढत आणि मी मनापासून ‘खटाक्’ म्हणे. मी पुन्हा उमेदीत आलो होतो.

आता बाबांची करामत ऐका. एका बंदवारी नेमका क्रिकेटचा अंतिम सामना आला. आई कामावर होत्या. बाबा सकाळपासून पिंजऱ्यातल्या वाघासारखे येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी दुकानातून आणलेली लांबलचक वायर घेतली, वरच्या मावशींच्या खोलीत पिन खोचली, वायर खिडकीतून खाली सोडली आणि तिच्या टोकाचा बोर्ड टीव्हीच्या मागे जमिनीवर ठेवला. “मेन बंदच आहे ना?” ते भिंगरीला म्हणाले. “नियम कुठे मोडला?” टीव्ही सुरू झाला. नानाही बघायला बसले, भिंगरीही बसली, वरच्या मावशीही खाली आल्या. सामना आपण जिंकला. त्या आनंदात वायर काढायचं राहून गेलं. मग आज काढू, उद्या काढू करता करता सगळे विसरले. आमचा टीव्ही वरच्या मावशींच्या विजेवर चालत राहिला आणि कोणाला पत्ताही नव्हता. मला होता. टीव्ही माझ्या पोटातून वीज घेत नाही हे मला कळणार नाही तर कोणाला! पण मी नुसता चरफडत बसलो. मला कुठे तोंड आहे?

पुढचा बंदवार अजून यायचा होता, आणि त्या वर्षी पावसाने ताळतंत्रच सोडलं होतं. आठवडाभर धो धो चालला होता. घरामागचा नाला आधीच तुंबलेला. एका दुपारी शाळा लवकर सुटली. भिंगरी भिजून चिंब होऊन घरी आली. आई केंद्रात होत्या, बाबा दुकानातला माल वरच्या फळ्यांवर चढवत होते. घरात फक्त नाना. ते बैठकीच्या खोलीत आपल्या खाटेवर झोपले होते. आकाश इतकं भरून आलं होतं की भरदुपारी दिवे लावावे लागले होते.

भिंगरी बोळकांडीत बूट काढत होती. तेवढ्यात न्हाणीतून गुळगुळ आवाज आला. मोरीतून पाणी जायचं सोडून उलटं वर येत होतं. बघता बघता ते स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत पसरलं. काळं, गढूळ पाणी. खोली एक पायरी खाली, त्यामुळे बोळकांडी अजून कोरडी होती. नानांच्या खाटेचे पाय बुडू लागले. भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. ती “आजोबा!” म्हणून धावली आणि पायरीच्या काठावर थबकली. पाण्यात पाऊल टाकलं नाही. वळली, स्टूल ओढलं. माझ्याकडे हात नेला, परत मागे घेतला. हात ओले होते. खुंटीवरचा नानांचा टॉवेल ओढून तिने हात खसाखसा पुसले, आणि मगच माझा दांडा धरला.

खटाक्!

दिवे गेले. पंखा थांबला. फ्रिज गप्प झाला. आयुष्यात इतक्या झटकन मी कधी खाली आलो नव्हतो. माझी मलाच धन्यता वाटली. आणि त्याच क्षणी मला दिसलं.

टीव्हीखालचा लाल ठिपका जळत होता.

ती वीज माझी नव्हती. ती खिडकीतून येत होती, आणि तिचा बोर्ड टीव्हीच्या मागे, त्या पाण्यात होता. अरे, कोणीतरी बघा! मी जीव तोडून ओरडत होतो, पण लोखंडाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं? सगळ्यांना वाटणार, मेन खाली आहे म्हणजे घर निर्धोक आहे. माझ्या भरवशावर माणूस पाण्यात उतरणार. माझ्या नावावर!

भिंगरी स्टुलावरून उतरली. आता ती आजोबांना आणायला जाणार असं मला वाटलं. तिने पायरीवर पाऊल टाकलं. अंधारलेल्या खोलीत एकच गोष्ट चमकत होती, आणि ती तिला दिसली. तिने पाऊल मागे घेतलं. मग तिने तोंडावर हात ठेवला. तिला ती वायर आठवली होती.

तेवढ्यात नाना जागे झाले. खाटेवर उठून बसले. अंधारात त्यांना पाण्याची चकाकी दिसली असावी, पण अर्धवट झोपेत माणसाला कसली शुद्ध? ते चपला शोधायला पाय खाली सोडू लागले.

“आजोबा! थांबा! पाय वर घ्या!” भिंगरी किंचाळली. त्यांची पाठ तिच्याकडे होती. कान तर काय, नसल्यातच जमा. ते वाकले. पाय आणखी खाली आले.

तिने माझ्याखालच्या खिळ्यावरून टॉर्च ओढला. शोधावा लागला नाही, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय. उजेड नानांच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीवर पडला. तिचे हात थरथरत होते, तसा भिंतीवरचा उजेडही थरथरत होता. तिने टॉर्च दोन्ही हातांनी छातीशी धरला, श्वास रोखला आणि उजेड एका जागी उभा केला.

नानांचे पाय पाण्याच्या वर टीचभर थांबले.

ते तसेच पुतळ्यासारखे बसले. मग त्यांनी हळूच मान वळवली. “अगं, मेन खाली केलास ना?” ते मोठ्याने म्हणाले. “मग काय झालं?” भिंगरीने उजेड टीव्हीवर टाकला, मग स्वतःच्या चेहऱ्यावर टाकला आणि ओठ मोठे करून सांगितलं, “वरची वायर!” नानांना कळलं. त्यांनी पाय वर घेतले, खाटेच्या मधोमध मांडी घातली आणि हात वर करून दाखवला. जा, मी बसलोय.

भिंगरी जिना चढून वर धावली. वरच्या मावशी दुपारच्या झोपेत होत्या. ती दार बडवत होती आणि मी खाली पाणी बघत होतो. ते खाटेच्या पट्ट्यांना लागलं. नानांची एक चपल तरंगत माझ्यासमोरच्या पायरीला येऊन टेकली. त्या लाल ठिपक्याकडे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. आयुष्यभर मी दिवे लावले, मित्रांनो, पण एखादा दिवा विझावा म्हणून असा कधी तळमळलो नव्हतो.

ठिपका विझला.

“काढली गं! पिन काढली!” मावशींचा आवाज आला. “वायर वर ओढून घेते!” खिडकीतून वायर सरसर वर गेली आणि बोर्ड पाण्यातून वर आला. भिंगरीने उजेड भिंतीवर दोनदा लुकलुकवला. या. नाना धोतर खोचून पाण्यात उतरले, एकेक पाऊल टाकत पायरीपर्यंत आले, आणि तिने त्यांचा हात असा घट्ट धरला की म्हातारबुवा म्हणाले, “अगं, हात उपटशील माझा!” मग बोळकांडीच्या जिन्यावर बसून दोघंही रडली. मला आवरलं म्हणता? मी लोखंडाचा आहे म्हणून निभावलं.

मग भिंगरी उठली. माझ्या खालचा टेलिफोन चालू होता. तिने नंबर फिरवला.

“अग्निशमन केंद्र, बोला.” पलीकडचा आवाज मला ओळखीचा होता.

भिंगरीने आधी पत्ता सांगितला. मग काय झालं ते सांगितलं. मग माणसं किती ते सांगितलं. रडली नाही, भरभर बोलली नाही.

“मेन?” आईंनी विचारलं.

“खाली. आणि वरच्या वायरची पिनही काढली.”

“आजोबा?”

“माझ्याजवळ. कोरडे नाहीत, पण आहेत.”

मग आईंचा आवाज आला, जरासा चिरकलेला. “शाबास माझ्या पोरी. दोघं मावशींकडे वर जा. आता ठेव, दुसरे फोन वाजतायत.”

बाबा संध्याकाळी गुडघाभर पाण्यातून आले. मावशींनी गुंडाळलेली वायर जिन्यात ठेवली होती. ती पाहून ते तिथेच मटकन खाली बसले. “मीच ती...” एवढंच म्हणाले. आई दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आल्या, तेव्हा पाणी ओसरून चिखल उरला होता. आता आभाळ कोसळणार म्हणून मी दांडा आवरून बसलो होतो. पण त्या बाबांना काही बोलल्या नाहीत. नानांच्या पायांकडे बराच वेळ बघत राहिल्या, आणि त्या पायांना हात लावून आत गेल्या. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या, असं बाबा नंतर मावशींना म्हणाले. शहरात वीज आठवडाभर आली नाही. आमच्या घरात मात्र चूल पेटली, पाणी उकळलं, आणि आसपासची माणसं आमच्याकडून शिकून गेली. पुढे सगळी गल्लीच बंदवार पाळू लागली. बाबांचं तर वेगळंच. त्यांच्याकडून मिक्सर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी विचारत, “तुमचा मेन कुठे आहे?” उत्तर आलं नाही की म्हणत, “घरी जाऊन बघून या. मिक्सर कुठे पळून जात नाही.”

पुराचा ओलावा माझ्या पोटात शिरला होता. वायरमनने मला उघडून मान हलवली. माझ्या जागी नवा स्विच आला. प्लास्टिकचा, गुळगुळीत, बोटाएवढा. धोका झाला की तो आपण होऊन पडतो म्हणे. पडो बापडा. त्याचा मला हेवा नाही, हुशार आहे तो. पण त्यालाही खाली करणारं कोणीतरी लागतंच. मला वाटलं, आता मी भंगारात जाणार. जुन्यांचं आणखी काय होतं? पण भिंगरीने मला पोटाशी धरलं आणि कोणाला हात लावू देईना.

आज मी अग्निशमन केंद्राच्या एका खोलीत, लाकडी फळीवर, अगदी तुमच्या उंचीला बसवलेला आहे. माझ्या अंगात आता वीज नाही. शाळेतली मुलं येतात, हात पुसतात आणि ओळीने माझा दांडा ओढतात. कोणी घाबरत घाबरत ओढतं, कोणी सगळा भार टाकून लोंबकळतं. आणि मी प्रत्येकासाठी तेवढ्याच जोरात ‘खटाक्’ म्हणतो. भिंगरी आता मोठी झाली आहे. सुट्टीच्या दिवशी तीच तुम्हाला इथे शिकवते. ती तुमच्यावर जरा जास्तच ओरडते, पण वाईट वाटून घेऊ नका.

तर मित्रांनो, माझं एक ऐका. आज घरी गेल्यावर आपला मेन शोधा. त्याच्यापुढे कपाट असेल, छत्र्या असतील, तर त्या हलवायला सांगा. तो गंजला असेल तर वायरमनला बोलवायला सांगा. झाकणाला हात लावू नका. मग घरातलं मोठं माणूस सोबत घ्या, कोरड्या जमिनीवर उभे राहा, हात पुसा आणि दांडा एकदा खाली करा. घर अंधारेल. एखादं यंत्र अजून चालू दिसलं तर ते का, हे विचारल्याशिवाय राहू नका. आतल्या खोलीतून कोणीतरी नक्की खेकसेल, “कोणी बंद केला रे मेन?”

घाबरू नका. तिथूनच मोठ्याने सांगा, “मी केला. मला येतो.”